वैनगंगेच्या वाळूत मी चेन उतरवली

मी एक सायकल आहे, आणि गेल्या मार्गशीर्षात वैनगंगेच्या पात्रात जे घडले, ते मी घडवले. तेव्हा माझ्यावर बसलेला दिनेश आजही लोकांना सांगतो, की चेन आपोआप उतरली. ते खोटे आहे. चेन मी उतरवली. नेमकी जागा पाहून उतरवली, आणि उतरवताना मला अतिशय समाधान वाटले. कोणी माझी कीव करू नये म्हणून हे प्रारंभीच स्पष्ट केले. जुन्या सायकली आपली कहाणी रडत रडत सांगतात. मला रडायचे काही कारण नाही.

माझे अवयव लुधियान्याच्या कारखान्यात घडले, पण मी सायकल झाले ती चंद्रपुरात, गोलबाजाराच्या एका दुकानात. दादाजी नावाच्या कारागिराने मला जोडले. रंग काळा, दांडी खाली वळलेली, साडीचा पदर अडकू नये म्हणून मागच्या चाकावर जाळी. मला पाहायला आल्या नूतन देवाजी खोब्रागडे. त्यांना शिक्षिकेची नोकरी नुकतीच लागली होती. त्यांनी माझे मागचे चाक उचलून फिरवले आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.

"हे चाक डावीकडे झुकते आहे."

"बाई, येवढं तं चालतेच," दादाजी म्हणाले.

"तुमचे चालत असेल. माझे चालणार नाही."

दादाजींनी कपाळावर हात मारला आणि आरे पुन्हा आवळायला घेतले. बाई शेजारच्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसून राहिल्या. चाक सरळ फिरू लागले, तेव्हाच त्या उठल्या. आपल्याला कोणाच्या हाती जायचे आहे, हे मला त्याच दिवशी कळले. चेनच्या झाकणावर त्यांनी पांढऱ्या रंगाने स्वतःचे पूर्ण नाव लिहून घेतले. नुसती आद्याक्षरे लिहू पाहणाऱ्या रंगाऱ्याला त्या म्हणाल्या, की नावात संकोच कसला.

बाईंची शाळा मूल तालुक्यात, नदीकाठच्या वडघाट गावी होती. मूलच्या घरापासून शाळेपर्यंतची वाट साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, आणि मोहाच्या जंगलातून जाते. तिथे वाघ आहे. उन्हे वर आल्याशिवाय कोणी शहाणा माणूस ती वाट धरत नाही. बाई मात्र वेळेवर निघत आणि वाटभर पाढे मोठ्याने म्हणत. वाघाने आम्हाला कधी अडवले नाही. पाढे ऐकून तो दूर राहिला असावा, असा माझा समज आहे.

दर हिवाळ्यात बाई सातवीच्या मुलामुलींना सायकलींवर सहलीला नेत. ही सहल संपूर्णपणे त्यांची कल्पना होती. आधी एसटीच्या टपावर सायकली बांधून चंद्रपूर गाठायचे. गोंड राजांच्या परकोटाला आतून वळसा घालून जटपुरा दरवाजातून बाहेर पडायचे आणि मूलच्या रस्त्याला लागायचे. मूलला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी वडघाटाच्या उतारावरून नदीच्या पात्रात उतरायचे. पलीकडच्या तीरावर, गडचिरोलीच्या हद्दीत, मार्कंड्याची देवळे दिसतात. पुलावरून जाता येते. परंतु मार्कंडा पाण्यावरून पाहावा, असा बाईंचा आग्रह असे. म्हणून आम्ही सगळ्या सायकली डोंग्यात आडव्या पडून नदी ओलांडत असू. डोंगा म्हणजे लाकूड कोरून केलेली अरुंद होडी. तिच्यात सायकलीला गप्प पडून राहता आले पाहिजे. मला येत असे.

आता त्या पात्रातील एक रीत सांगणे आवश्यक आहे. पाणी ओसरले, की वडघाटचे ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे लोक, उघड्या पडलेल्या वाळूत टरबूज आणि डांगर म्हणजे खरबूज लावतात. कोणाची वाडी कुठे, हे त्यांची मच्छीमार सोसायटी ठरवून देते. वाळूत खड्डे करायचे, त्यांत शेणखत भरायचे आणि भिजवून मोड आणलेले बी घरच्या बाईने आपल्या हाताने त्यांत दाबायचे. मग खड्डा बुजतो आणि वरून काहीही दिसत नाही. इथे पेरले आहे, हे सांगणारी एकच खूण असते. बी दाबलेल्या वाडीच्या कडेने पळसाच्या काड्या ओळीने रोवतात. डोंग्याकडे जाणाऱ्या पायवाटेलाही दुतर्फा काड्याच असतात, परंतु त्या बेशरमाच्या, तोडले तरी पुन्हा उगवणाऱ्या झुडपाच्या. काडी कोणत्या झाडाची आहे, ते पाहूनच पाय टाकायचा असतो. कोंब वर येईपर्यंत पळसाच्या ओळीआड वाडीचा मालकसुद्धा पाण्यासाठी ठरलेल्या पट्टीवरूनच चालतो.

बाई पात्रात उतरताच मुलांना सायकलींवरून उतरवत. काडी हातात घेऊन विचारत, ही कशाची? बरोबर उत्तर आल्याशिवाय रांग पुढे सरकत नसे. दिनेशलाही त्यांनी हे विचारले होते. तो तेव्हा सातवीत होता. त्याने स्वतः उत्तर दिले होते की शेजाऱ्याचे ऐकून म्हटले होते, हे मला सांगता येत नाही. त्या सहलीत त्याची सायकल पंक्चर झाली आणि तो रस्त्यावर बसून रडला. बाईंनी त्याला माझ्या कॅरिअरवर बसवून मूलपर्यंत आणले. त्याला मी वाहिले आहे. माझ्या रागाचा हिशेब करणाऱ्याने तेथून आरंभ करावा.

बाई निवृत्त झाल्या. पुढे त्यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि मी त्यांच्या घराच्या पडवीत उभी राहू लागले. त्या मला रोज पुसत. गुडघा बरा होत आला, तेव्हा एका सकाळी त्या माझ्या हँडलवर हात ठेवून म्हणाल्या, "महाशिवरात्रीला मार्कंड्याला जाऊ. सावकाश जाऊ, पण जाऊ." मी त्या दिवसाची वाट पाहू लागले.

आणि दिनेश आला. आता तो शहरातील पाहुण्यांसाठी सायकल सहली काढत असे. त्याने बाईंच्या पायांना हात लावला.

"बाई, सहलीचं उद्घाटन हाये. तुमची सायकल मांडवात उभी करतो. सगळ्याईले सांगतो का हे आमच्या बाईची सायकल. दोन दिवसांत वापस."

बाईंना विद्यार्थ्याचा अभिमान वाटला. त्यांनी मला स्वतःच्या हाताने त्याच्या स्वाधीन केले.

दोन दिवसांनी मी परत गेले नाही. दिनेशने मला नारिंगी रंग दिला. त्याआधी चेनच्या झाकणावरचे नाव पॉलिश पेपरने घासून काढले. जाळी काढून फेकली. माझी पितळी घंटी काढून तिथे रबरी भोंगा बसवला, आणि पुढे 'हेरिटेज' अशी पाटी लटकवली. बाईंनी आखलेली सहल त्याने दरवाजे, मुक्काम आणि डोंगा यांसकट उचलली आणि स्वतःच्या नावावर विकू लागला. तो स्वतः माझ्यावर बसून सर्वांच्या पुढे राही.

"ही सायकल माझ्या आजोबांची," तो पाहुण्यांना सांगे. "इंग्रजांच्या काळातली."

एकदा पुण्याच्या एका गृहस्थांनी विचारले, "पण ही लेडीज सायकल आहे ना?"

"आजोबा बुटके होते," दिनेश म्हणाला.

मार्कंड्याचे शिखर वीज पडून कोसळले, असे बाई सांगत. दिनेश सांगे, की इंग्रजांनी तोफ डागली. तोफेला टाळ्या पडतात. तो बोलू लागला, की मी ब्रेक करकरवत असे. त्याच्या पँटची मोहरी चेनमध्ये ओढून घेत असे. चढावर हवा सोडत असे. हे सगळे किरकोळ होते. मी मोठ्या प्रसंगाची वाट पाहत होते, आणि मला घाई नव्हती.

ती घाई बाईंच्या भेटीनंतर निर्माण झाली. बाई काठी टेकत दिनेशच्या आवारात आल्या.

"बाई, तुमी काऊन तरास घेतला? फोन करायचा ना."

"फोन केला. उचलला गेला नाही."

"नेटवर्क नसते ना बाई इकडं. बसा, चहा घ्या."

"चहा नको. सायकल कुठे आहे?"

"सर्व्हिसिंगले टाकली हाये. आली का मी सोता आणून देतो."

मी तिथेच, हिरव्या शेडनेटखाली उभी होते. बाईंनी माझ्याकडे पाहिले. नारिंगी रंगावरून त्यांची नजर माझ्या हँडलवर, तिथून पाटीवर आणि तिथून पुढच्या सायकलीवर गेली. त्यांनी मला ओळखले नाही. आपल्या कामासाठी एकदाच विचारणाऱ्या बाई दुसऱ्यांदाही आल्या, आणि दुसऱ्यांदाही चहा नाकारून परत गेल्या. तिसऱ्यांदा त्या येणार नाहीत, हे मला ठाऊक होते. त्यांना तो अपमान सोसवणार नव्हता. म्हणजे घरी जायची वाट आता मलाच काढायची होती, आणि जाता जाता दिनेशला त्याची किंमत मोजायला लावायची होती.

मार्गशीर्षातील त्या रविवारी आम्ही उन्हे वर आल्यावर वडघाटचा उतार उतरलो. मागे पाहुण्यांच्या सायकली होत्या. धुके विरले होते आणि पाण्यापलीकडे मार्कंड्याचे काळसर दगड स्पष्ट दिसत होते. बेशरमाच्या काड्यांची वाट डावीकडे वळसा घेऊन डोंग्याकडे जात होती. उजवीकडे वाळू मोकळी होती, पाण्याच्या कडेपर्यंत सपाट, आणि तिच्या कडेनेही काड्यांची एक ओळ होती.

"इकडून या सगळे," दिनेश म्हणाला. "इथून फोटो मस्त येते. मागं पूर्ण देऊळ येते."

"ही वाट आहे का?" पाहुण्यांतल्या एकीने विचारले.

"काड्या दिसत नाई का मॅडम? गावातले लोकं वाटेले काड्या लावतात. मी इथलाच हाये."

तो इथलाच आहे, हे खरे होते. परक्या माणसाने काड्या पाहून विचारले तरी असते. इथल्या माणसाला अर्धे माहीत असते आणि तेवढ्यावर तो पुढे जातो. त्या काड्या पळसाच्या होत्या.

माझ्या पुढच्या चाकाला लगेच कळले. वाळू कोरडी असते. इथे ती मऊ आणि ओलसर लागली, आणि खाली शेणखत होते. ही खुशाल आणि प्रेमिला या ढिवर जोडप्याची वाडी होती. काठावरच थांबणे मला शक्य होते. मी थांबले नाही. काठावर चेन उतरली असती, तर दिनेश मला ढकलत मागे फिरला असता, कोणी काही पाहिले नसते आणि संध्याकाळी त्याने पाहुण्यांना आणखी एक आजोबा सांगितले असते. मी त्याला आत जाऊ दिले. वाडीच्या अगदी मध्यावर आल्यावर मी चेन उतरवली आणि फ्रीव्हील व आरे यांच्या फटीत घट्ट रुतवून टाकली. मागचे चाक जागच्या जागी आवळले गेले. दिनेश हँडलवरून वाळूत पडला.

त्याने मला उचलून पाहिले, ओढून पाहिले. आवळलेले चाक वाळूत खोल चर पाडत राहिले. मला सोडून पळावे, तर मी तिथेच साक्षीला उभी. घेऊन पळावे, तर मी हलेना. तोपर्यंत झोपडीतून प्रेमिला धावत आली. तिच्या हातात विळा होता. मागून खुशाल आला.

"अरे काऊन शिरला बे?" प्रेमिलाने विचारले. "कालच बी दाबलं मी. कालच."

"ताई, मले वाटलं वाट हाये."

"वाट? पळसाची काडी दिसत नाई तुले? वाटेवर बेशरम हाये, अन् तू त्याच्याहून बेशरम निघाला."

"जाऊ दे ना ताई. काय झालं ते भरून देतो. पैसे घ्या."

"पैसे पेरू का मी वाळूत?"

पाहुण्यांनी आपापल्या सायकली उचलून डोक्यावर घेतल्या आणि आल्या चाकोरीतून एकेक पाऊल टाकत ते बाहेर गेले. त्यांतल्या एका गृहस्थांनी प्रेमिलाला हात जोडले. दिनेशला कोणी हात दिला नाही.

खुशाल माझ्याजवळ बसला. त्याने चेनमध्ये बोट घातले, मग माझ्या कॅरिअरखालच्या, शाळेत असल्यापासून त्याच्या ओळखीच्या वेल्डिंगच्या गाठीवरून अंगठा फिरवला. "प्रेमिले, इकडं पाह्य," तो म्हणाला. प्रेमिलाने विळ्याच्या टोकाने चेनच्या झाकणावरचा नारिंगी रंग खरवडला. खाली काळा निघाला. नाव नव्हते, पण नाव घासल्याच्या रेघा होत्या.

"हे तं बाईची सायकल हाये," ती म्हणाली. "शाळेत असतानी मीच पुसत होतो रोज."

मी दिनेशच्या चेहऱ्याकडे पाहत होते. इतकी सुंदर सकाळ मी नदीवर पूर्वी पाहिली नव्हती.

आज मी त्याच वाडीत, झोपडीच्या कुडाला टेकून उभी आहे. माझ्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पाण्याचे डबे बांधलेले असतात. वेल आता पळसाच्या ओळीपर्यंत पसरले आहेत आणि पानांखाली मुठीएवढी टरबुजे धरली आहेत. वाळू माझ्या बेअरिंगमध्ये गेली आहे आणि मला ती डाचते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रेमिलाचे बी माझ्या चाकाखालीही चिरडले गेले, ही गोष्ट मी नाकारत नाही. हे सगळे कसे ठरले, एवढे सांगून मी थांबते.

त्या रविवारी दुपारी सोसायटीचे वयोवृद्ध अध्यक्ष झिंगूभाऊ यांनी पाहुण्यांना डोंग्यातून मार्कंड्याला पोहोचवून दिले आणि परत येऊन वाळूतच बैठक बोलावली. त्यांनी मूलला निरोप पाठवला. बाई ऑटोने उतारापर्यंत आल्या आणि तिथून खुशालच्या हाताला धरून चालत आल्या; बेशरमाच्या वाटेने. माझ्यासमोर त्या उभ्या राहिल्या. खरवडलेल्या झाकणावर त्यांनी बोट ठेवले.

"मी हिला पाहिले होते," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर उभी होती आणि मी ओळखले नाही." मग त्यांनी वाकून चेन पाहिली. "हिची चेन कधी अशी उतरत नसे."

"बाई, इथली रीत तुमाले ठाव हाये," झिंगूभाऊ म्हणाले. "दाबलेली वाडी ज्यानं तुडवली, त्यानं ते पुन्ना उभी करून द्यायची. पण हा तं शहरातला मोठा माणूस झाला. आमचं ऐकन का नाई, मालूम नाई."

"ऐकेल," बाई म्हणाल्या.

"बाई, माह्या बुकिंग हायेत ना," दिनेश म्हणाला. "रोज इथी येणं जमत नाई. मी माणूस लावतो."

"वाडी तू तुडवलीस. माणसाने तुडवली असती, तर माणूस लावला असतास. उभा राहा. बसून काय बोलतोस?"

दिनेश उभा राहिला.

मग ठरले. खड्डे दिनेशने पुन्हा करायचे आणि खतही त्याने स्वतः भरायचे. बी मात्र प्रेमिला दाबेल, कारण ते घरच्या बाईनेच दाबायचे असते आणि दिनेशने त्याला हात लावायचा नाही. फळ निघेपर्यंत रोज सकाळी त्याने नदीचे पाणी वाडीला आणायचे. पाणी कशावर आणायचे, असे खुशालने विचारले, तेव्हा बाईंनी माझ्याकडे काठी दाखवली.

"हिच्यावर. तू हिच्यावर बसायचे नाहीस. बाजूने चालत हिला ढकलायचे. आणि झाकणावर माझे नाव पुन्हा तूच लिहायचे. पीक निघाल्यावर खुशाल हिला माझ्या घरी आणील."

"शिवरातीले मार्कंड्याले जायाचं होतं ना बाई तुमाले," प्रेमिला म्हणाली. "तवापर्यंत पीक नाई निघत."

बाईंनी क्षणभर पाण्यापलीकडे पाहिले. "यंदा पुलावरून बसने जाईन," त्या म्हणाल्या. "हीदेखील वाडीत शिरली होती. हिलाही पाणी वाहू दे." मला कोणी विचारले नाही; विचारले असते, तरी मी हेच म्हटले असते.

दिनेशने चाचरत विचारले, की यापुढे सहलीत तुमचे नाव सांगू का. बाई म्हणाल्या, "माझे नाव तू घेऊ नकोस. आजोबा सांगणे तेवढे बंद कर. आणि तुझ्या पाहुण्यांनी वाळूत सायकलीवर बसून उतरायचे नाही."

झिंगूभाऊंनी एकेकाला विचारले. खुशालने मान्य केले. प्रेमिलाने मान्य केले, परंतु पाण्याचा एकही दिवस चुकला तर ती स्वतः मूलला येऊन त्याच्या आवारात बसेल, एवढे जोडून. बाईंनी मान्य केले. झिंगूभाऊंनी सोसायटीतर्फे मान्य केले. शेवटी सगळे दिनेशकडे पाहू लागले, आणि त्याने खाली बघत मान हलवली.

"मान हलवलेली मला चालत नाही," बाई म्हणाल्या. "तोंडाने सांग."

"मान्य आहे," दिनेश म्हणाला.

"मोठ्याने."

त्याने मोठ्याने सांगितले.